ओवीखालचा पियानो: एका माहितीपटासाठी एआयकडून करून घेतलेल्या संगीताचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका छोट्या संकलन स्टुडिओत १६ मिनिटांचा माहितीपट शेवटच्या टप्प्यात होता. विषय होता स्मृतिभ्रंश झालेली आई आणि तिचं सगळं करणारी मुलगी. आईला घरातल्यांची नावं आठवत नाहीत, पण दुपारी खिडकीपाशी बसली की जात्यावरची एक ओवी ती अजून गुणगुणते. माहितीपट त्या ओवीवरच उभा आहे. माणसांची आणि संस्थांची ओळख इथे दिलेली नाही.

संगीताच्या जागा चार होत्या: शीर्षकाखाली १ मिनिट १० सेकंद, दवाखाना ते घर या प्रवासावर १ मिनिट ४५ सेकंद, ओवीच्या प्रसंगात ५० सेकंद आणि शेवट व श्रेयनामावलीवर २ मिनिटं २० सेकंद. म्हणजे सगळं मिळून सहा मिनिटं पाच सेकंद. संगीतासाठी २५ हजार रुपये होते आणि महोत्सवाकडे प्रत पाठवायला ११ दिवस उरले होते. दिग्दर्शिकेला फक्त पियानो हवा होता, दुसरं एकही वाद्य नको होतं.

संकलकाने कापाकापी करताना एका नामवंत पियानोवादकाची रचना तात्पुरती म्हणून लावून ठेवली होती. दोन महिने तीच ऐकल्यामुळे दिग्दर्शिकेला तिचा लळा लागला होता. पुढच्या बऱ्याच चुकांचं मूळ इथे आहे. तात्पुरतं संगीत लांबी आणि भाव सुचवायला ठीक असतं. ते महिनोन्महिने राहिलं, की मग नवीन काहीही आणा, कान त्याची तुलना जुन्याशीच करत राहतात.

अडचण

पहिले तीन दिवस टीमने शब्दांवरून थेट ध्वनी तयार करणाऱ्या एका एआय सेवेवर घालवले. 'इमोशनल सोलो पियानो, सिनेमॅटिक, सॅड, स्लो' अशा धर्तीच्या सूचना देऊन ६४ तुकडे निघाले. लॅपटॉपवर त्यांतले पाच छान वाटले आणि ३१ क्रमांकाचा तर सगळ्यांना आवडला. चौथ्या दिवशी ध्वनिमिश्रण करणाऱ्याने ते स्टुडिओच्या स्पीकरवर ऐकले, तेव्हा त्यांच्यातले दोष एकेक करून उघडे पडले.

सगळ्यात मोठा दोष सुरांच्या शेपटीत होता. सुराचा ठोका खणखणीत यायचा, पण तो विरत जाताना दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदानंतर पाण्यातल्या प्रतिबिंबासारखा हलायचा. पियानोत मधल्या आणि वरच्या सप्तकांत एका सुराला तीन तारा असतात आणि त्या अगदी तंतोतंत जुळलेल्या नसतात. त्या सूक्ष्म फरकामुळे सूर आधी झपाट्याने आणि मग सावकाश विरतो, आणि विरताना हलकासा डोलतो. हा डोल पाच-सहा सेकंद सलग सांभाळणं ध्वनी तयार करणाऱ्या प्रणालींना जड जातं. त्या ध्वनी आधी आकुंचित सांकेतिक रूपात धरतात आणि मग उलगडतात. ठोक्यात ऊर्जा भरपूर असल्यामुळे तो नीट उलगडतो. शेपटी क्षीण असल्याने तिच्यातली छोटी चूकही ऐकू येते. ढोल, गिटार आणि गायन एकत्र असलेल्या गाण्यात ही चूक झाकली जाते. एकट्या, संथ पियानोमागे मात्र लपायला काही नसतं, म्हणून 'सगळ्यात सोपं' वाटणारं हे संगीत या यंत्रांसाठी सगळ्यात अवघड ठरतं.

दुसरा दोष रचनेतला. डावा हात पहिल्या मात्रेपासून शेवटपर्यंत एकाच चालीने सुटे स्वर फिरवत राहायचा. दर चार मात्रा-गटांनी तेच वळण, आणि श्वास घ्यायला जागा कुठेच नाही. 'इमोशनल' आणि 'सिनेमॅटिक' हे शब्द इतक्या लाखो रचनांना चिकटलेले आहेत, की त्यांचा अर्थ सरासरीपुरता उरतो: मायनर (कोमल गांधाराची, उदास भासणारी) स्वरावली, संथ लय, खूप घुमारा. 'सिनेमॅटिक' लिहिलं की 'सोलो' लिहूनही मागे तंतुवाद्यांचा धूसर पडदा डोकावायचा. ६४ पैकी ११ तुकड्यांत तो होता.

तिसरा दोष ओवीच्या प्रसंगात दिसला आणि तोच निर्णायक ठरला. आईचा षड्ज पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मध्ये होता, पांढरी चारपेक्षा सुमारे ३५ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) वर, म्हणजे जवळपास १७८ हर्ट्झ. तयार तुकडे अर्थातच कुठल्या ना कुठल्या पट्टीत नेमके बसलेले. ते आईच्या आवाजाखाली ठेवले की माऊली बेसूर वाटायची. प्रत्यक्षात ती तिच्या जागी अगदी सुरात होती, बेसूर पियानो होता. तयार ध्वनी ताणून ३५ सेंट वर नेला तर आधीच डळमळीत असलेल्या शेपट्या आणखी विस्कटायच्या.

त्यातच संकलकाने दवाखान्याच्या प्रसंगातून नऊ सेकंद काढले. तयार ध्वनीतून नऊ सेकंद काढणं म्हणजे घुमाऱ्यातून कात्री चालवणं.

समोर असलेले पर्याय

तयार संगीताच्या संग्रहातून परवाना घेणं हा स्वस्त आणि कायदेशीरदृष्ट्या सर्वांत निर्धोक मार्ग होता. पण पट्टीचा आणि नऊ सेकंदांचा प्रश्न तिथेही तसाच राहत होता.

पियानोवादक आणि खरा पियानो हा पर्याय दिग्दर्शिकेने खर्चाच्या धास्तीने पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला होता. चौकशी न करताच. चांगल्या स्थितीतला, सुरात लावलेला पियानो असलेला स्टुडिओ, लावणाऱ्याचे पैसे आणि वादकाचं मानधन मिळून अंदाजपत्रकाच्या बाहेर जाईल असं गृहीत धरलं गेलं.

तिसरा पर्याय एआयकडून ध्वनीऐवजी मिडी करून घेण्याचा. मिडीत आवाज नसतो. कोणता सूर कधी दाबला, किती जोरात, कधी सोडला आणि सूर लांबवणारं पायातलं पेडल कधी वरखाली झालं याची फक्त नोंद असते. त्यामुळे प्रत्येक सूर नंतर हलवता येतो. पियानोच्या मिडीवर शिकलेली बरीच संशोधन-मॉडेलं गूगलच्या मॅजेन्टा गटाने २०१८ मध्ये खुल्या केलेल्या 'मेस्ट्रो' संग्रहावर उभी आहेत. स्पर्धेत यामाहा डिस्क्लाव्हियर या, वादनाची मिडी नोंद ठेवणाऱ्या पियानोवर वाजवलेलं सुमारे २०० तासांचं वादन त्यात आहे आणि ध्वनी व मिडी सुमारे ३ मिलिसेकंदांच्या आत जुळवलेले आहेत. संग्रह उत्तम, पण तिथे दोन अडचणी होत्या. संग्रहाचा परवाना अव्यापारी वापरापुरता आहे, आणि हा माहितीपट पुढे ओटीटीला विकायचा बेत होता. अशा संग्रहावर शिकलेल्या मॉडेलने केलेल्या रचनेला तीच अट लागते का, यावर मतभेद आहेत. टीमला ती अनिश्चितता नको होती. शिवाय स्पर्धेत वाजतात त्या अवघड, गच्च रचना. त्यांवर शिकलेलं मॉडेल भरगच्च वाजवतं आणि इथे हवे होते मिनिटाला मोजके सूर. या घराण्यातल्या सुरुवातीच्या मॉडेलांत पेडल वेगळं नोंदलेलंच नसतं, ते सुरांच्या लांबीत मिसळून टाकलेलं असतं. ते पुन्हा वेगळं काढणं कष्टाचं आहे.

चौथा पर्याय मिश्र होता. माणसाने वाजवलेला कच्चा आराखडा सेवेला द्यायचा, तिने तो पुढे न्यायचा, आलेल्या ध्वनीतून सूर मिडीत उतरवून घ्यायचे आणि हाताने घडवायचे. शेवटी हाच घेतला.

परवान्याचा खड्डा

पाचव्या दिवशी, ३१ क्रमांकाच्या तुकड्यावरून मिडी उतरवायला घेताना, कोणीतरी सेवेच्या अटी वाचल्या. सगळे ६४ तुकडे फुकट खात्यावर केलेले होते. फुकट खात्यावरची निर्मिती व्यापारी कामाला वापरता येत नव्हती, आणि नंतर पैसे भरल्याने आधीच्या तुकड्यांना तो हक्क मागाहून मिळत नव्हता. म्हणजे सगळ्यांचा लाडका तुकडा बाद. तेच शब्द पुन्हा दिले म्हणून तोच तुकडा पुन्हा येत नाही.

यात तीन दिवस गेले, आणि ते वाचवायला दहा मिनिटं पुरली असती. एआय संगीताच्या कामात ही चूक सर्रास होते, कारण आधी 'नुसतं बघू तरी' म्हणून फुकट खातं उघडलं जातं आणि बघता बघता तेच अंतिम संगीत होऊन बसतं.

काय केलं

मूळचा हार्मोनियम वाजवणारा एक कीबोर्डवादक १२ हजार रुपये मानधनावर आला. पहिल्या तासाभरातच त्याने आईची पट्टी शोधली, आणि ओवीचा पल्ला फक्त पाच स्वरांचा असून गांधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध कुठेतरी लागतो हेही त्याने दाखवलं. त्यामुळे ओवीखाली पियानोने गांधार वाजवायचाच नाही, मेजर नाही आणि मायनरही नाही, असं ठरलं. फक्त षड्ज आणि पंचम.

इथे एक प्रश्न समोर आला: आईच्या गुणगुणण्याचंच ध्वनिमुद्रण सेवेवर चढवून 'यावरून पियानो कर' असं का सांगू नये? झटपट झालं असतं. मुलीने चित्रीकरणाला संमती दिली होती, पण आईचा आवाज एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायला नव्हे. आणि आई स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नव्हती. दिग्दर्शिकेने नकार दिला. ओवीची चाल पारंपरिक असल्याने ती वाजवायला हरकत नव्हती. वादकाने कीबोर्डवर ४० सेकंदांचा आराखडा वाजवला आणि फक्त तो, आता पैसे भरलेल्या खात्यावर, चढवला गेला. सूचनेतून 'इमोशनल', 'सॅड' आणि 'सिनेमॅटिक' हे तिन्ही शब्द काढले. त्याऐवजी वाद्य, लय आणि पोत सांगितले: एकच पियानो, मिनिटाला ५४ ठोके, डाव्या हाताला मोकळे पंचम, लांब विराम, जवळून धरलेला कोरडा आवाज. २२ तुकड्यांतून तीन निवडले. आधीच्या ६४ पैकी पाच, आताच्या २२ पैकी तीन. आकड्यांचा हा फरक लहान आहे, पण दुसऱ्या वेळचे तिन्ही तुकडे खरोखर उपयोगी पडले.

ध्वनीवरून मिडी उतरवायला बाइटडान्स या कंपनीच्या संशोधकांनी २०२० मध्ये मांडलेली पद्धत वापरली. ती पेडलही ओळखते. तीही मेस्ट्रोवरच शिकलेली आहे, पण इथे ती नवं काही रचत नव्हती, आपल्याच ध्वनीची नोंद करत होती, म्हणून टीमने ती चालवून घेतली. ज्यांना तेवढाही धोका नको त्यांनी कानाने सूर उतरवावेत. संथ पियानोच्या दोन मिनिटांना सरावलेल्या माणसाला दोन-तीन तास लागतात.

उतरवलेला मिडी जसाच्या तसा कधीच वापरता येत नाही. दवाखान्याच्या तुकड्यात ४१२ सूर आले होते. त्यांतले ५७ भुताटकीचे होते, म्हणजे खऱ्या सुराच्या एक सप्तक वर उगाच नोंदलेले किंवा घुमाऱ्यातून जन्मलेले. ते ओळखायची खूण अशी: दाबाचा, म्हणजे सूर किती जोरात दाबला याचा, आकडा २० च्या खाली, लांबी फार थोडी, आणि नेमके मोठ्या सुराच्या पाठोपाठ. ते काढल्यावर डाव्या हाताची छाटणी सुरू झाली. प्रत्येक आवर्तनात आठ सूर होते, त्यांतले तीन ठेवले. शेवटी २३१ सूर उरले.

पुढचे दोन दिवस या कामातले सगळ्यात महत्त्वाचे. मिडीत दाबाचा आकडा ० ते १२७ असतो. उतरवलेल्या नोंदीत चाल आणि साथ दोन्ही ५० ते ६० च्या दरम्यान होती, त्यामुळे चाल वर येतच नव्हती. चालीचे सूर ५८ ते ७२ वर नेले आणि साथ ३० ते ४४ वर आणली. माणूस चाल साथीपेक्षा जोरात वाजवतो तेव्हा जोरात मारलेली हातोडी तारेला आधी भिडते आणि चाल साथीपेक्षा सुमारे ३० मिलिसेकंद पुढे येते. यंत्राच्या नोंदीत दोन्ही एकाच क्षणी होते. चाल २० ते ३० मिलिसेकंद पुढे सरकवल्यावर, एकही सूर न बदलता, वादन एकदम माणसाचं वाटू लागलं. सगळे सूर ग्रिडवर, म्हणजे संगणकातल्या नेमक्या मात्रांच्या रेषांवर, चिकटवण्याचा मोह आवरावा लागला. उलट प्रत्येक वाक्याच्या शेवटचे दोन सूर थोडे लांबवले आणि पुढच्या वाक्याआधी ६०० ते ९०० मिलिसेकंदांची शांतता ठेवली.

ओळखलेलं पेडल सगळं पुसलं. घुमाऱ्यामुळे ओळखणाऱ्याला पेडल गरजेपेक्षा लांब वाटलं होतं आणि स्वर एकमेकांत चिखलासारखे मिसळत होते. वादकाने तुकडा वाजत असताना पायाने पेडल नव्याने नोंदवलं: नवा स्वर वाजताना पाय वर, आणि साधारण सेकंदाच्या दहाव्या भागानंतर पुन्हा खाली. माउसने पेडल आखायचा प्रयत्न केला तर पाय नेमका सुराच्या क्षणीच खाली जातो. मग आधीचा स्वर कापला न जाता नव्यात अडकतो. हे काम पायानेच करावं.

आवाजासाठी सॅलामँडर हा यामाहा सी५ वरून घेतलेला मोफत सॅम्पल-संच, म्हणजे खऱ्या पियानोच्या एकेका सुराच्या ध्वनिमुद्रणांचा संच, वापरला. त्यात प्रत्येक सुराचे १६ दाब-स्तर आहेत. मृदू वादनात ते फार उपयोगी पडतात, कारण हळू दाबलेला सूर फक्त कमी आवाजाचा नसतो, त्याचा रंगच वेगळा असतो. या संचाची मर्यादा अशी, की सॅम्पलं दर तीन अर्धस्वरांनी घेतलेली आहेत आणि मधले सूर ताणून काढले जातात. उघड्या, संथ चालीत लागोपाठचे दोन सूर जुळ्या भावंडांसारखे वाटतात. दोन ठिकाणी ते टोचत होतं. तिथे चालीतला एक सूर सप्तकाने खाली घेतला. तारांवर फेल्टची पट्टी घातल्यासारखा मऊ आवाज दिग्दर्शिकेला हवा होता, कारण तात्पुरत्या संगीतात तो होता. वादकाने विरोध केला. असा आवाज आज जवळपास प्रत्येक हळव्या जाहिरातीत असतो, आणि इथे खिडकीतल्या उजेडाला थोडी धार असलेला पियानो जास्त शोभत होता. त्याचं म्हणणं बरोबर होतं.

ओवीच्या प्रसंगात सबंध पियानोची पट्टी ३५ सेंट वर नेली. मिडी आणि सॅम्पल असल्याने ती एका आकड्याची गोष्ट होती. आई ५० सेकंदांत हळूहळू सुमारे २० सेंट चढत होती. तिच्यामागे पियानोही सरकवून पाहिला, पण ते कृत्रिम वाटलं. मग पियानो पहिली ओळ संपल्यावर, तिचा षड्ज असतो त्या जागी आणला आणि तिसऱ्या ओळीपूर्वीच थांबवला. ५० सेकंदांत उरले अवघे १४ सूर.

नऊ सेकंदांचा प्रश्न आता सहज सुटला. ५४ ठोक्यांच्या लयीत चार मात्रांची दोन आवर्तनं म्हणजे ८.९ सेकंद. ती काढली आणि जोडावरचं पेडल पुन्हा नोंदवलं.

मिश्रणात घुमारा फक्त १.४ सेकंदांचा ठेवला आणि त्याखाली घरात चित्रीकरणाच्या वेळी धरलेली खोलीची शांतता मंद चालू ठेवली. मुलीच्या निवेदनाखाली पियानो सुमारे १५ डेसिबल खाली होता, पण पातळीपेक्षा जागा बदलल्याचा फायदा जास्त झाला: चालीचे सूर वाक्यांच्या मधल्या फटींत सरकवले. ऑनलाइन प्रत उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आणि सर्वोच्च शिखर उणे १ डेसिबल अशी काढली.

निष्पत्ती

प्रत अकराव्या दिवशी गेली. महोत्सवाच्या अर्जात एआयच्या वापराबद्दल रकाना होता. तिथे टीमने स्पष्ट लिहिलं: आराखडा माणसाचा, विस्तार एआय सेवेचा, संपादन आणि पेडल माणसाचं. श्रेयनामावलीतही हेच आहे.

हक्कांसाठी एक फोल्डर ठेवलं: आराखड्याचं मूळ ध्वनिमुद्रण, सूचनांचा मजकूर, पैसे भरल्याची पावती, त्या तारखेच्या अटींची प्रत आणि मिडीच्या एक ते सात आवृत्त्या. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, १९९४ च्या दुरुस्तीनंतर, संगणकाने तयार केलेल्या संगीतकृतीचा कर्ता म्हणजे ती कृती निर्माण करवणारी व्यक्ती, असं कलम २(घ)(६) सांगतं. आजच्या एआयच्या संदर्भात त्याचा नेमका अर्थ अजून ठरायचा आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने जानेवारी २०२५ च्या अहवालात नुसत्या सूचना देणं हक्कासाठी पुरेसं नाही आणि माणसाच्या सर्जनशील बदलांना संरक्षण मिळू शकतं, अशी भूमिका घेतली. ४१२ सुरांचे २३१ कसे झाले हे दाखवणाऱ्या सात आवृत्त्या म्हणूनच मोलाच्या आहेत. संगीत स्वतंत्रपणे प्रसिद्ध न करण्याचं ठरलं, कारण तिथे सबंध हक्काचं हमीपत्र द्यावं लागलं असतं.

वादकाचं मानधन आणि सेवेची वर्गणी धरून खर्च अंदाजपत्रकाच्या आत राहिला. वेळ मात्र सगळ्यांचा मिळून ३८ तास लागला, आणि त्यातला एआयपुढे बसून घालवलेला जेमतेम तिसरा हिस्सा.

काय वेगळं करता आलं असतं

पियानोवादकाचा पर्याय चौकशी न करता सोडायला नको होता. ३८ तासांचा हिशेब मांडला, तर चांगला वादक आणि डिजिटल पियानो यांच्यासोबत दोन दिवसांत हेच काम झालं असतं, आणि डिजिटल पियानोची पट्टीही ३५ सेंट वर नेता येते. कीबोर्डवादक सहाव्या दिवशी आला. तो पहिल्या दिवशी आला असता तर आईचा षड्ज पहिल्याच तासात कळला असता आणि ६४ तुकड्यांची गरजच पडली नसती.

एआय वापरायचंच असेल तर पहिला प्रश्न 'छान वाटतंय का' हा नसावा. 'यातला एक सूर मला हलवता येईल का' हा असावा. चित्रपटाचं संकलन शेवटच्या दिवसापर्यंत बदलत असतं, म्हणून ज्या ध्वनीला हात लावता येत नाही तो कितीही गोड असला तरी कामाचा नाही. निवडही लॅपटॉपच्या स्पीकरवर करू नये. चांगल्या हेडफोनवर एखादा लांब सूर धरून तो पूर्ण विरेपर्यंत ऐकला, तर शेपटीचा दोष पहिल्या मिनिटातच सापडतो.

तात्पुरतं संगीत कच्ची जुळणी झाल्यावर काढून टाकून प्रसंग काही दिवस मुका पाहायला हवा होता. ओवीच्या प्रसंगात १४ सूर पुरले, हे दहाव्या दिवशी कळलं. मुका पाहिला असता तर तिथे पियानो हवा का, हा प्रश्न दुसऱ्याच दिवशी पडला असता.

चौथ्या जागेवरचा, म्हणजे शेवट व श्रेयनामावलीवरचा तुकडा अजून जड आहे. १ मिनिट २० सेकंदांनंतर डावा हात पुन्हा जुन्या सवयीने फिरायला लागतो. शेवटच्या रात्री त्याची छाटणी अर्धीच झाली. सातव्या आवृत्तीत ते सूर खुणा करून ठेवले आहेत. ओटीटीसाठी पुन्हा मिश्रण होईल तेव्हा ते काढायचे आणि शेवटच्या स्वरावरचं पेडल श्रेयनामावलीतलं शेवटचं नाव जाईपर्यंत दाबून ठेवायचं, असं वादकाने कडेला लिहून ठेवलं आहे.